मूळ रंग म्हणजे नेमका कोणता?

जुन्या यंत्राला नव्याने रंग द्यायची वेळ आली की प्रत्येकजण एकच वाक्य बोलतो : 'मूळ होता तसाच करायचा.' ऐकायला छान वाटतं. पण मूळ म्हणजे कोणता, असं विचारलं की मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे त्यांची सोय होईल (आमच्या नातेवाइकांत असे बरेच आहेत). मूळ रंग आठवणीवरून ठरवू नये, शेड कार्डावरून ठरवू नये, मोबाइलच्या फोटोवरून तर नाहीच नाही. तो त्या यंत्राच्या अंगावरूनच शोधून काढावा. आणि सापडल्यावरसुद्धा 'आता तोच द्यायचा का?' हा प्रश्न वेगळा विचारावा.

एवढं गंभीर होण्याचं कारण म्हणजे आमच्या गोठ्यातलं इंजिन. बाबांनी १९६८ साली कर्ज काढून ते विहिरीवर बसवलं. पाच हॉर्सपॉवरचं, दोन्ही बाजूंना जड चाकं, शेजारी थंड पाण्याची टाकी, आणि पट्ट्यावर चालणारा पंप. सुरू झालं की त्याचा ठोका गावापर्यंत ऐकू यायचा. पुढे वीज आली, विहिरीवर मोटर बसली आणि इंजिन गोठ्यात कडब्याखाली गेलं. आता पुण्याच्या पुतण्याच्या मनात आलंय की ते बाहेर काढून, रंगवून, घरासमोर ओट्यावर मांडावं. 'मोठेबाबा, एकदम शोरूममधून आणल्यासारखं करू!' असं तो म्हणतो. त्याने लाल रंग निवडलाय, तोही चकाकणारा. लाल का, तर फोटोत उठून दिसतो.

मी फॅमिली ग्रुपवर सहज विचारलं की इंजिनाचा रंग कोणाला आठवतो का. धाकटा भाऊ म्हणाला, काळा. (तो त्या इंजिनाशी खेळायला लागला तोवर त्यावर ऑइलचा थर बसलेला होता.) बहीण म्हणाली, निळा, शपथेवर निळा. मला हिरवा आठवतो. एकाच घरातली तीन माणसं, एकच इंजिन, आणि तीन रंग! म्हणून म्हणतो, आठवण हा शेड कार्डाहूनही कच्चा पुरावा.

हा काही आमच्याच घराचा दोष नाही. फोर्ड कंपनीची जुनी 'मॉडेल टी' गाडी म्हटली की सगळ्या जगाला ती काळीच आठवते. पण काळ्याशिवाय दुसरा रंग मिळत नव्हता तो साधारण १९१४ ते १९२५ या काळात. त्याआधी आणि त्यानंतर ती इतर रंगांतही मिळत होती. एखाद्याने १९१० ची गाडी जशी आठवते तशी काळी रंगवली, तर तो चुकीचा रंग मोठ्या श्रद्धेने लावील. आपली दख्खनची राणी घ्या. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते, एक रुपेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा गर्द निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. आज पुण्या-मुंबईच्या किती आजोबांना ती रुपेरी राणी आठवेल?

बहिणीचा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. त्यालाही हाच रोग जडलाय, फक्त त्याचं इंजिन होडीचं आहे. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायचं, खाली पंखा पाण्यात, असं ते यंत्र. त्याला आउटबोर्ड मोटर म्हणतात. आमच्या वाचकांतल्या पुष्कळांनी ते पाहिलेलं नसेल. पैनगंगा आमच्याच जिल्ह्यातल्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते खरी, पण उन्हाळ्यात आमच्याकडे होडी चालवायची म्हटलं तर ती खांद्यावर घेऊनच चालावं लागेल. विस्कॉन्सिनमधल्याच मिलवॉकी शहरात ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेहून आलेल्या माणसाने १९०९ पासून अशा मोटरी विकायला सुरुवात केली. त्याच्या नावाच्या मोटरी तब्बल २०२० पर्यंत बनत होत्या. भाच्याने १९५० च्या दशकातली एक निळी एव्हिनरूड मोडीतून उचलली आहे. तिकडे जुन्या मोटरींचे शौकीन इतके की कंपनी आणि वर्ष सांगितलं तर त्या सालचा रंग डब्यात तयार मिळतो.

मला वाटलं, वा, काय सुख आहे! पण भाच्याचा फोन आला, 'मामा, डब्यातला निळा आणि मोटरीच्या झाकणाआड दडलेला निळा जुळत नाहीत. कोणाचं खरं मानू?' हा प्रश्न मला फार आवडला. वर्गात असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्षाकाठी एखादाच भेटतो.

त्याचं उत्तर जरा खोलात जाऊन द्यावं लागेल, कारण यातच सगळी गंमत आहे.

यंत्राच्या उघड्या भागावरचा रंग सूर्य खातो. वरचा थर भुकटी होतो, बोट फिरवलं की खडूसारखा बोटाला लागतो. त्यामुळे लाल गुलाबट दिसतो आणि काळा राखेसारखा. म्हणून जाणते पेंटर आधी थोड्या जागेवर रबिंग मारतात. वरची मेलेली भुकटी निघाली की खालून जिवंत रंग येतो. त्याहून चांगला रंग सापडतो तो ऊन पोचत नाही अशा ठिकाणी. नट-बोल्टच्या वायसरखाली, कंपनीच्या पितळी पाटीमागे, पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या काठावर. स्कूटर असेल तर सीटखाली. आमच्या इंजिनाची पाटी अजून जागेवर आहे आणि ती चार रिवेटांवर बसलेली आहे. तिच्यामागे काय आहे ते रिवेट काढल्याशिवाय कळायचं नाही, आणि ते काढायचे तर हलक्या हाताने.

पण, आणि हा 'पण' महत्त्वाचा आहे, अंधारातला रंगही पूर्ण खरं बोलत नाही. जुन्या इनॅमलमध्ये रंगाची पूड धरून ठेवायला तेल असायचं, पुष्कळदा जवसाचं. आपल्या वऱ्हाडात पिकतं तेच जवस. ते उकळलेलं तेल पेंटरच्या भाषेत बेलतेल. या तेलाची खोड अशी की ते अंधारात पिवळं पडतं. घरातल्या कपाटाचं दार बाहेरून पांढरं आणि आतून सायीसारखं पिवळसर का दिसतं, ते यावरून कळेल. म्हणजे निळ्यावर पिवळ्याची झाक आली की निळा हिरवट वाटणार. भाच्याच्या झाकणाआड हेच झालेलं असावं. यावर उपाय फुकटचा आहे : तो सुटा भाग काही आठवडे खिडकीच्या उजेडात ठेवायचा. ही पिवळी झाक उजेडाने बरीचशी उतरते. भाच्याला तेच सांगितलं. त्याच्याकडे सध्या उजेडापेक्षा बर्फ जास्त, त्यामुळे निकाल यायला वेळ आहे.

उन्हाने एक बदलतं, अंधाराने दुसरं. मग खरा रंग या दोघांच्या मध्ये कुठेतरी, असं समजून दोन-तीन जागा पाहाव्यात आणि मगच ठरवावं.

आता आमच्या इंजिनाकडे येतो. पेंटरला घेऊन मी गोठ्यात गेलो. (हा पेंटर माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा रंग त्याच्याइतका सुंदर कोणी कालवत नाही.) त्याचं पहिलं वाक्य, 'गुरुजी, सगळं खरवडून काढू, मग पाहू.' मी म्हटलं, आधी पाहू, मग खरवडू. नाण्याएवढी एक जागा निवडली आणि बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून गोल-गोल घासला, मध्ये जास्त, कडेला कमी. कांदा आडवा कापल्यासारखी वर्तुळं दिसू लागली. सगळ्यात बाहेर निळा. त्याच्या आत हिरवा. त्याच्या आत करडी लांबी, मग रेड ऑक्साइड, आणि मधोमध चकाकणारं ओतीव लोखंड. बहीण आणि मी, दोघंही जिंकलो! भाऊसुद्धा हरला असं म्हणता येत नाही, कारण काळा थर आम्ही आधीच रॉकेलने पुसून टाकला होता.

निळ्याचा उलगडा बहिणीनेच केला. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली आणि इंजिन नुसतं उभं राहिलं. उभ्या यंत्राला गंज फार लवकर धरतो. पुढे १९७४ साली बहिणीचं लग्न ठरलं, घराच्या दारा-खिडक्यांना निळा रंग काढला, आणि डब्यात जो उरला तो बाबांनी स्वतः ब्रश घेऊन इंजिनाला फासला. पाण्याच्या टाकीवर त्या ब्रशचे ओरखडे अजून दिसतात. एका ठिकाणी ओघळ आलाय, तो तसाच वाळला. बाबा शेतकरी होते, पेंटर नव्हते.

तर मग आता मूळ रंग कोणता? कंपनीने कारखान्यात लावला तो हिरवा, की दुष्काळातून तरलेल्या माणसाने लग्नाच्या उरलेल्या रंगातून लावला तो निळा?

पुतण्याचं म्हणणं सरळ आहे. लाल नको तर नको, पण मग कंपनीचा हिरवा, 'ओरिजिनल म्हणजे कंपनीने दिला तो.' शौकीन मंडळींचा सगळीकडे हाच नियम असतो आणि विकायच्या किंवा प्रदर्शनात ठेवायच्या वस्तूला तो बरोबरही आहे. वाहनांच्या बाबतीत तर सरकारनेही तसं म्हटलं आहे. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. म्हणजे १९७२ च्या पहिल्या चेतक स्कूटरही आता त्या वयात आल्या. ज्यांच्या गोठ्यात किंवा जिन्याखाली तशी एखादी पडून असेल त्यांनी रंग देण्याआधी आरसी बुकातला रंगाचा रकाना जरूर वाचावा. 'चेतकला कुठलाही रंग शोभतो' असं म्हणणारे गॅरेजवाले भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठवावं.

पण आमचं इंजिन ना विकायचं आहे ना प्रदर्शनात न्यायचं. ते आमच्या ओट्यावर राहणार. अशा वस्तूवर कंपनीचा हक्क किती आणि बाबांचा किती? माझ्या मते कंपनीचा हिरवा चार-सहा वर्षं इंजिनावर दिसला असेल. बाबांचा निळा पन्नास वर्षं आहे. तो खरवडून टाकला की पुन्हा आणता येणार नाही. हिरवा मात्र जुळवून कधीही लावता येईल. जे परत करता येतं आणि जे परत करता येत नाही, त्यांत फरक करायला नको का?

आमच्या जिल्ह्याला लागूनच अजिंठ्याची लेणी आहेत. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार बोलावले. चित्रं निखळू नयेत म्हणून त्यांनी सुटलेले पापुद्रे पक्के केले. ते काम मोलाचंच होतं. पण वरून जो लाखेचा लेप दिला तो काळाने पिवळा पडला, आणि खालचे रंग झाकोळले. तो लेप काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे किती वर्षं खपावं लागलं! हेतू चांगला, माणसं जगातली उत्तम, तरी असं झालं. आमचा पेंटर आणि पुतण्या यांचा हेतूही चांगलाच आहे.

हिरव्याबद्दल मात्र मला अजून बोलायचं आहे, कारण जिथे पार लोखंड उघडं पडलंय तिथे रंग द्यावाच लागेल, नाहीतर गंज खाईल. तिथे हिरवा द्यायचं ठरलंय. पण कोणता हिरवा? आपल्या बायकांना हे शास्त्र पुरुषांपेक्षा जास्त कळतं. मी पेंटरला म्हटलं, शेवाळी. आमच्या सौ. तिथून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, 'शेवाळी नव्हे हो, मेंदी. आणि त्यात किंचित बाटली.' पोपटी, पिस्ता, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, बाटली... साड्यांच्या दुकानात एवढे हिरवे आहेत आणि हार्डवेअरच्या दुकानात माणूस नुसता 'हिरवा द्या' म्हणतो. सरकारी मानकातही रंगांना क्रमांक आहेत बरं का. भारतीय मानक ५ मध्ये ५३७ म्हणजे सिग्नलचा लाल आणि ५३८ म्हणजे पोस्टाचा लाल. दोन्ही लालच, पण पोस्टाची पेटी आणि सिग्नल यांत आपल्या सरकारने फरक जपलाय. ग्राहकाने असा क्रमांक सांगितला तर निदान बोलणं तरी एका पायावर होतं.

बुलढाण्याला रंगाच्या दुकानात मशीन आहे. नमुना ठेवला की ते मोजतं आणि पुड्या किती घालायच्या ते सांगतं. पेंटरला त्या मशीनचा राग आहे, मला नाही. फक्त त्याला नमुना द्यायचा तर तो सपाट, स्वच्छ आणि रबिंग मारून चकाकी आणलेला द्यावा, कारण तोच रंग निस्तेज असला की फिका मोजला जातो. आणि मशीनचा आकडा आला म्हणून लगेच पूर्ण डबा घेऊ नये. छोट्या डब्याचा एक हात पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, पूर्ण वाळू द्यायचा (ओला रंग आणि वाळलेला रंग ही दोन वेगळी माणसं असतात), आणि तो पत्रा इंजिनाजवळ धरून तीनदा बघायचा : सकाळच्या सावलीत, भर दुपारी, आणि रात्री घरातल्या दिव्याखाली.

तीनदा कशाला? कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे उन्हात नेले की फटकून वागतात. त्या काळचे पुष्कळ हिरवे इनॅमल क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू या दोन पुडींच्या मिश्रणाचे असत. आजचा हिरवा बहुतेक थॅलोसायनिन नावाच्या वेगळ्याच रसायनाचा. डोळ्याला एका उजेडात दोन्ही सारखे वाटतात, पण त्यांची घडण वेगळी असल्याने उजेड बदलला की फरक उघडा पडतो. रेड ऑक्साइडवर एकच हात दिला तर तोच हिरवा करड्या प्रायमरवर दिसतो त्याहून मळकट दिसेल, तेही लक्षात ठेवावं. पुतण्या पुण्याहून व्हॉट्सॲपवर शेड पाठवतो आणि 'मोठेबाबा, हा जुळतो का?' म्हणून विचारतो. त्याच्या मोबाइलचा कॅमेरा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो, माझा मोबाइल तो आपल्या मनाने दाखवतो, आणि माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ज्यांचं असं झालंय त्यांना माहीत असेल, दोन डोळ्यांना दोन पांढरे दिसतात! म्हणून मी जुळणीचं शेवटचं मत पेंटरवर आणि सौ.वर सोडलंय.

जुने फोटो कामाला येतील का, असं भावाने विचारलं. इंजिनासमोरचा बाबांचा एक फोटो आहे, पण तो कृष्णधवल. त्यातून गडद-फिका एवढंच कळतं. १९८० नंतरचे रंगीत फोटो आहेत ते सगळे लालसर झालेत, त्यांतला निळाच आधी उडून गेला. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा तर आमच्या शेतातली ज्वारीसुद्धा गुलाबी होती म्हणावं लागेल.

आता शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. ते क्रोम यलो म्हणजे शिशाचं संयुग. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं नव्वद पीपीएमच्या वर नको, हा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या रंगात ते किती आहे याचा भरवसा नाही, मग १९६८ च्या हिरव्याची आणि १९७४ च्या दाराच्या निळ्याची काय कथा. असा रंग कोरडा घासला किंवा ग्राइंडर लावून उडवला तर त्याची धूळ श्वासात आणि पोटात जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका. दिवाळीत गोठ्यात पाच-सहा नातवंडं हुंदडत असतात, सगळ्यांना इंजिनाचं चाक फिरवायचं असतं. म्हणून पेंटरला सांगितलंय : ग्राइंडर नाही. जिथे घासायचं तिथे ओलं करून, तोंडाला चांगला मास्क बांधून, खाली प्लॅस्टिक अंथरून, आणि निघालेला गाळ बांधून वेगळा ठेवायचा, उकिरड्यावर नाही आणि शेतात तर मुळीच नाही. तो म्हणाला, 'गुरुजी, तीस वर्षं तसंच करतोय, काही झालं नाही.' त्यावर मी त्याला मास्क आणून दिला. वाद घातला नाही.

तर आता ठरलंय ते असं. इंजिनाच्या अंगावर जिथे लोखंड उघडं आहे तिथला गंज काढून प्रायमर, आणि वर जुळवलेला हिरवा. शाबूत निळ्याला नुसतं साबणाच्या पाण्याने धुवायचं. चाकं हिरवी करायला मी परवानगी दिली, पुतण्याला फोटोत काहीतरी उठून दिसायला हवंच. पाण्याच्या टाकीला कोणी हात लावायचा नाही, त्या ओघळासकट ती तशीच राहील. पितळी पाटीमागची जागा न रंगवता सोडायची, म्हणजे पुढच्या कोणाला पुन्हा शोधायचं झालं तर मूळ हिरवा तिथे सापडेल. आणि गोल घासलेली ती नाण्याएवढी वर्तुळं बुजवायची नाहीत. पेंटरला ते पटलेलं नाही. त्याच्या मते गिऱ्हाईक बघून म्हणेल, पेंटर काम अर्धवट टाकून पळाला.

बहिणीने फोनवर विचारलं, लग्नातल्या त्या निळ्याचा डबा कुठे गेला असेल. आईने त्यात पुढे बरीच वर्षं ज्वारीचं बियाणं ठेवलं होतं, एवढं मला आठवतं. चुलत भावंडांपैकी कोणाच्या घरी तो गेला असेल तर झाकणाच्या आतल्या कडेला थोडा रंग चिकटलेला असणार. डबा कितीही गंजलेला असो, दिवाळीला येताना घेऊन या. काम पाऊस पूर्ण उघडल्यावरच सुरू करणार आहोत, दमट हवेत इनॅमल धड वाळत नाही.